टक-टक आणि मनाची तार

गाडीला नुसत्या कानाने तपासणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत एकच, आणि तो म्हणजे आमचे जुने घरमालक! बसवनगुडीत त्यांच्या माडीवर मी तीनेक वर्षं भाड्याने राहिलो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही तसंच म्हणायला लागलो. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी तेवढी टिकली, तीही कन्नडची फोडणी घेऊन. मी पुण्याहून आयटीत आलेला, पण माझं इंग्रजी कालवलेलं बोलणं ऐकून अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझ्या मराठीत मराठी स्वल्पच आहे की रे!"

अण्णांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. पहिली म्हणजे त्यांचा कान. रस्त्यावरून कुणाची गाडी गेली की हातातला कॉफीचा लोटा तसाच धरून ते निदान करायचे. "बेअरिंग गेलं. बिचाऱ्याला माहीत पण नाही." एकदा तर एका नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी थांबवून त्यांनी त्याला ब्रेक पॅड बदलायला सांगितलं होतं. नवरदेव घामाघूम. लग्न मुहूर्तावर लागलं, हे नशीब.

दुसरा अभिमान म्हणजे अक्कांच्या मनाची तार. अण्णा कधीही हॉर्न वाजवत नसत. "आपल्याच घरासमोर हॉर्न? घर आहे की सिग्नल?" असं त्यांचं तत्त्व. पूर्वी ते स्वतः उतरून गेट उघडायचे. पण गुडघे कुरकुरायला लागले आणि काय चमत्कार, अण्णांची जुनी तपकिरी गाडी गल्लीत उजवीकडे वळायचा अवकाश, अक्का गेट उघडून उभ्या! "मी येतोय हे तिला आतून कळतं," अण्णा येईल त्याला सांगायचे. "चाळीस वर्षांचा संसार आहे की हो. तुमच्या फोनला रेंज नसते तिथे ही तार चालते." अक्का नुसत्या हसायच्या.

आता गंमत बघा. जगाच्या गाड्यांचे आजार ओळखणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी वळताना चक्क टक-टक-टक वाजायची. मी एकदा भीत भीत म्हटलं, तर म्हणाले, "तो आजार नव्हे, तिचा स्वभाव आहे." पण मारतहळ्ळीच्या वळणावर एका परक्या रिक्षावाल्याने शेजारून ओरडून विचारलं, "अण्णा, काय वाजतंय ते?" आणि अण्णांचा कान दुखावला. निदान झालंच पाहिजे!

रविवारी सकाळी आमची वरात मैदानावर. आधी संशयितांची झडती. टायरमध्ये अडकलेले खडे काढले, चाकांच्या टोप्या काढल्या, अक्कांना बांगड्यासुद्धा काढायला लावल्या. मग एका खिडकीतून मी बाहेर डोकं काढलेलं, दुसऱ्या खिडकीतून अक्का, आणि अण्णा स्टिअरिंग पूर्ण पिळून गोल गोल गाडी फिरवतायत. डावीकडे वळलं की शांत. उजवीकडे वळून जरा वेग दिला की टक-टक-टक. फिरायला आलेली म्हातारी मंडळी आमच्याभोवती जमून मतं देऊ लागली. अखेर अण्णांनी कचकन ब्रेक मारला. "डावं पुढचं चाक! उजवीकडे वळताना सगळा भार त्याच्यावर येतो. चाकाजवळचा जॉइंट गेला!" खाली वाकून पाहिलं, तर त्या जॉइंटवरचं रबरी आवरण फाटून ग्रीस चाकभर उडालेलं. अण्णांना इतका आनंद झाला, की त्यांनी सगळ्या म्हाताऱ्यांना कॉफी पाजली. अक्कांनी मात्र आपली कॉफी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून नवा जॉइंट बसवून संध्याकाळी आम्ही परतलो. गाडी लोण्यासारखी वळली. अण्णा खुशीत. आणि पाहतो तर गेट बंद.

"येईल," अण्णा म्हणाले. आम्ही थांबलो. कुणी येईना. मी उतरायला लागलो, तर त्यांनी माझा दंड धरला. त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मला हॉर्नवर हात ठेवायचं धैर्य झालं नाही. शेवटी तुळशीला दिवा लावायला अक्का बाहेर आल्या आणि आम्हाला पाहून दचकल्या. "अय्यो! केव्हा आलात?"

"तार तुटली," अण्णा पुटपुटले.

"कसली तार? ती टक-टक ऐकून उघडत होते मी!"

अण्णा स्टिअरिंग धरून तसेच बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा अक्का खिडकीपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पण रोज दिवेलागणीपासून मिक्सर बंद, टीव्ही बंद करून, ती टक-टक येते का म्हणून कान लावून कोण बसत होतं? शेजारची का?"

अण्णांनी वर पाहिलं. मग त्यांनी गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे घेतली, पुन्हा वळवली आणि काच खाली करून जिभेने झकास वाजवलं, टक-टक-टक! अक्कांनी पदर सावरत गेट उघडलं. त्या दिवसापासून रोज तसंच.

आता मी महादेवपुऱ्यात चौदाव्या मजल्यावर एकटा राहतो. तळघरात गाडी लावतो, लिफ्टने वर जातो, माझं दार मीच उघडतो. अण्णांचा मला फार हेवा वाटतो. परवा बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गल्लीत वळताना राहवेना. काच खाली करून मीही जिभेने टक-टक केलं. गेट उघडून अक्का उभ्या! मागून अण्णा ओरडत आले, "वळायच्या आधीच वाजवलंस! जॉइंट वळल्यावर वाजतो रे!"

"मला माहीत होतं, हे तर घरातच आहेत," अक्का म्हणाल्या. "म्हटलं, मग आपला माडीवरचाच असणार."