पट्टायाला चौघं

आमचं नाशिक रोडला पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. आमचं म्हणजे यांचं. मी सकाळी शाळेत शिकवायचे आणि दुपारी जमेल तशी गल्ल्यावर बसायचे. दोन हजार सालानंतर एका वर्षी पाऊस कमी झाला, विहिरींचं पाणी खाली गेलं आणि आमचा धंदा वर आला. यांनी मोटारींचं टार्गेट आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण केलं आणि कंपनीचं पत्र आलं. बँकॉक आणि पट्टाया, पाच दिवस. विक्रेता आणि सोबत एक जण. मुलं न्यायची असतील तर आपापल्या खर्चाने.

हे अत्यंत सरळ माणूस. पट्टाया म्हणजे गणपतीपुळ्यासारखं काहीतरी, फक्त विमानाने जायचं, एवढीच त्यांची कल्पना. विक्रेत्यांच्या बैठकीत नावं घेत होते तेव्हा यांनी उभं राहून सांगितलं, "आम्ही चौघं येतो. मी, मिसेस आणि दोन्ही मुलं."

घरी आल्यावर मला म्हणाले, "अगं, सगळा हॉल एकदम गप्प झाला. बहुतेक त्यांना वाटलं, मी खर्चाला भीत नाही म्हणून मिरवतोय."

मलाही तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी कौतुकाने बातमी सांगितली. विज्ञानाचे सर एकदम वह्या तपासायला लागले. भूगोलाच्या बाईंनी मला व्हरांड्यात नेलं आणि हळूच विचारलं, "मुलांना घेऊन?" मग त्यांनी त्यांच्या दिरांच्या मित्राकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. त्या बराच वेळ सांगत होत्या. तास सुरू झाल्याची घंटासुद्धा आम्हाला ऐकू आली नाही.

मला खरं तर तिथेच नाही म्हणता आलं असतं. पण मी आणि मुलं गेलो नसतो तर हे एकटे गेले असते. मी घरी येऊन बॅगा काढल्या.

त्यानंतर फोन सुरू झाले. आधी कंपनीच्या मॅनेजरसाहेबांचा. "वहिनी, तिकडे ऊन फार. मुलांचे हाल होतील." मी म्हटलं, आमची मुलं मे महिन्यात मनमाडला मामाकडे राहतात. मग आणखी दोघा-तिघांचे. कुणी पाणी बाधतं म्हणालं, कुणी विमानात कान दुखतात म्हणालं. शेवटी घोटीच्या विक्रेत्याचा आला. तरुण, गोरागोमटा, बोलायला फाकडा माणूस. तो म्हणाला, "वहिनी, तिकडं साप खात्यात. हाटेलाच्या दारात पिंजऱ्यात ठेवल्याले असत्यात, बोट दाखवायचं की लगेच तळून देत्यात. लेकरं लय भेतील."

आमचा सहा वर्षांचा मुलगा शेजारच्या खोलीतल्या जोडफोनवर हे ऐकत होता. त्या दिवसापासून तो जाण्याचे दिवस मोजायला लागला. सासूबाई तेवढ्या निर्धास्त होत्या. "बुद्धाचा देश आहे. मुलांना चार चांगल्या गोष्टी दिसतील," म्हणाल्या आणि स्वतः दुकानाकडे बघायला मागे राहिल्या.

मुंबईच्या विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये आम्ही चढलो तेव्हा आत एकोणीस पुरुष होते. बायको कुणीच आणली नव्हती. सोबतचा एक जण म्हणून कुणी मेहुणा आणला होता, कुणी मित्र, कुणी नुसतीच मोठी बॅग. रोज पांढऱ्या शर्टात दुकानात बसणारी ही माणसं नारळाची झाडं छापलेले शर्ट आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घालून बसली होती. मागच्या बाकावर काहीतरी चाललं होतं, ते आमची नऊ वर्षांची मुलगी दारात दिसताच सीटखाली गेलं. दोघांनी चड्डीवर टॉवेल पांघरला.

एकटे नामपूरचे विक्रेते नेहमीच्या वेषात होते. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी, मोठ्या मिशा. साठीला आलेले. त्यांच्या मुलाने टार्गेट पूर्ण केलं होतं, पण त्याचा पासपोर्ट वेळेत झाला नाही. सुनेने सासऱ्यांना पाठवून दिलं होतं. त्यांनी आमच्या मुलाला शेजारी बसवलं आणि विचारलं, "तुनं नाव काय शे?" मुलाला ही अहिराणी परदेशातली भाषा वाटली. तो वळून मला म्हणाला, "आई, मला थोडं थोडं कळतंय."

घोटीला पोचेपर्यंत या नामपूरच्या आजोबांच्या पिशवीतली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अर्ध्या बसने खाऊन संपवली.

पट्टायात दुपारी पोचलो. संध्याकाळी हे म्हणाले, समुद्रावर एक चक्कर मारून येऊ. समुद्राला समांतर एक रस्ता होता. आमची मुलगी इंग्रजी शाळेत जायची आणि दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची तिला सवय होती. नाशिकमध्ये आम्ही त्याचं कौतुक करायचो. इथे ती "मसाज" वाचत सुटली. अमुक मसाज, तमुक मसाज, तेलाचा मसाज, पायांचा मसाज. बारा-पंधरा पाट्या झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आई, इथल्या लोकांचं अंग इतकं का दुखतं?"

"काम खूप असतं त्यांना," हे म्हणाले.

एका दारात अंगावर पिसं लावलेल्या, डोक्यावर मुकुट घातलेल्या बऱ्याच उंच बायका उभ्या होत्या. कसल्याशा नाचाच्या खेळाची जाहिरात करत होत्या. आमचा मुलगा तोंड उघडं टाकून थांबला. त्यातली एक खाली वाकली आणि त्याच्याशी बोलली. आवाज आमच्या मॅनेजरसाहेबांपेक्षा जाड. मुलीने माझा हात दाबला. मुलाला मात्र त्याचं काही नव्हतं. ती राणी आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याने तिला शाळेत शिकवतात तसा नमस्कार केला. तिनेही हात जोडून, वाकून परत केला. तिकडे तशीच पद्धत आहे. मग तिने पंखातलं एक गुलाबी पीस काढून त्याच्या खिशाला लावलं. आम्ही दोघांचा फोटो काढला, त्याचे तिथे पैसे पडतात, ते तिने घेतले नाहीत. मी खोलीवर आल्यावर बराच वेळ विचार करत होते की भूगोलाच्या बाईंना हे कसं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मंडळी बेटावर गेली, परत आली, आणि संध्याकाळी सहाला सगळे "कंपनीच्या मीटिंगला" जाणार असं कळलं. यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून हे जरा नाराज होते. मी आंघोळीला गेले होते. तेवढ्यात मुलं यांच्याकडून परवानगी काढून खाली हॉटेलच्या दालनात गेली.

पुढचं मला मुलीने सांगितलं. काका लोक एकेक करून खाली येत होते, भांग पाडलेले, अत्तराचा घमघमाट. आणि दाराशी आमचा मुलगा प्रत्येकाला विचारत होता, "काका, कुठे चाललात?" पहिला म्हणाला, मीटिंगला. दुसरा म्हणाला, देवळात. तिसरा म्हणाला, औषध आणायला. घोटीचे काका म्हणाले, "शो बघाया." म्हणून गेले आणि जीभ चावली.

"कसला शो?"

घोटीच्या काकांनी नामपूरच्या आजोबांकडे बघितलं. आजोबांना मागच्या रात्री नातवाची आठवण येऊन झोप लागली नव्हती. त्यांना बरोबर कशाला नेताहेत, हेही त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "हत्तीचा असेल. चल."

मी ओल्या केसांनी धावत खाली आले तेव्हा छोटी बस सुरू झाली होती. माझी दोन्ही मुलं पहिल्या बाकावर आणि मागे मान खाली घातलेले सतरा पुरुष. हेही माझ्यामागून आले. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून मी विचारलं, "कुठे चाललीये बस?"

आजोबांनी मागे वळून एकेकाकडे बघितलं. त्यांना काय ते कळलं असावं. ते ओरडले नाहीत की काही नाही. फक्त घोटीच्या पोराला म्हणाले, "तूच सांग त्या ड्रायव्हरले, हत्तीकडे घे म्हणावं."

त्याने सांगितलं. ड्रायव्हरला पटेना. त्याला आधी दिलेला पत्ता वेगळा होता. तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि घोटीवाले हाताची सोंड करून दाखवत होते. शेवटी हत्तीचा खेळ बंद झाला होता म्हणून त्याने आम्हाला एका बागेत नेलं. तिथे जगातल्या सगळ्या प्रसिद्ध इमारती कमरेएवढ्या, डोक्याएवढ्या करून मांडल्या होत्या आणि त्यांच्यावर दिवे सोडले होते. सहा जण मध्येच उतरून गेले. उरलेले अकरा जण पहिली दहा मिनिटं सुतकात असल्यासारखे फिरले. मग कुणीतरी पॅरिसच्या मनोऱ्याला कवेत घेतलं. कुणी लंडनच्या पुलावर पाय ठेवला. आजोबांनी ताजमहालापाशी टोपी नीट करून एकट्याचा फोटो काढायला लावला आणि मला म्हणाले, "आमच्या म्हातारीले दाखवतो. आग्र्याले नेतो नेतो म्हणत राहिलो, राहूनच गेलं." बागेच्या दारात एक दगडी हत्ती होता, त्याच्यापुढे घोटीवाल्यांनी आमच्या मुलाला खांद्यावर घेतलं. माझा छत्तीस फोटोंचा रोल तिथेच संपला.

रात्री खोलीत मुलं झोपल्यावर यांनी विचारलं, "तुला माहीत होतं ना हे सगळं गाव कसं आहे ते?"

"निघण्याआधीपासून."

"म्हणजे तुला माझी खात्री नव्हती."

मी म्हटलं, "तुमची होती. तुम्हाला कुणी सोबत घेऊन गेलं असतं तर तुम्हाला नाही म्हणता आलं असतं का, याची नव्हती."

त्यांनी उठून मुलांची पांघरुणं नीट केली. मग म्हणाले, "नसतं आलं." त्यांच्या या एका वाक्यासाठी मी त्यांना आजवर बऱ्याच गोष्टी माफ केल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन दूध शोधायला बाहेर पडले. तोच रस्ता. दिवे बंद, पाट्या नुसत्या पत्र्याच्या, माणसं पायऱ्या धूत होती. पहिल्या संध्याकाळी जिथे उंच स्टुलांवर मुली बसलेल्या होत्या, त्या दुकानाच्या पायरीवर एक बाई साध्या गाऊनवर बसली होती. समोर शाळेच्या गणवेशात एक मुलगी, आणि ती बाई तिची वेणी घालत होती. मुलगी हलली की टपली मारायची. अगदी मी मारते तशी. आमची मुलगी थांबून बघत राहिली. तिच्या एका वेणीची रिबीन सुटली होती. त्या बाईने तिला खुणेने जवळ बोलावलं, आपल्या मुलीचं झाल्यावर हिला पुढ्यात बसवलं आणि दोन्ही वेण्या सोडून पुन्हा घातल्या, माझ्यापेक्षा घट्ट. दूध कुठे मिळेल ते त्या शाळेच्या मुलीने आमच्याबरोबर चालत येऊन दाखवलं. आमची मुलगी तिच्याशी मराठीत बोलत होती आणि ती तिच्या भाषेत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. आम्ही परत आलो तेव्हा ती बाई पायरीवरच बसून भात खात होती. मला तिने वाटी पुढे केली. मी घेतला असता, पण त्यात काय असेल या भीतीने घेतला नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

उरलेल्या दोन दिवसांत आमच्या खोलीची खानावळ झाली. मी चहाचं सामान, पोहे आणि पाण्यात घालायची कॉइल नेली होती. पहिल्या सकाळी एकटे आजोबा आले. शेवटच्या सकाळी, त्या रात्री बसमधून उतरून गेलेल्या सहा जणांसकट, बाहेर ओळ लागली होती. मॅनेजरसाहेब कप घेऊन जिन्यात बसले होते. मुलीने त्यांना विचारलं, "तुमच्या मीटिंगा संपल्या का?" ते म्हणाले, "संपल्या, बेटा."

नाशिकला आल्यावर मी हौसेने फोटो धुवून घेतले आणि प्रत्येकाचा एकेक फोटो घरच्या पत्त्यावर पाठवला. मला वाटलं, बायकांना आनंद होईल. आठ दिवसांनी फोन आला. पलीकडे एक तरुण बाई होती.

"ताई, मी घोटीवरून बोलतेय. तुमचा फोटू मिळाला. मागं हत्ती हाय, ह्यांच्या खांद्यावर तुमचं पोरगं हाय."

"हो, छान आलाय ना?"

"लय छान आलाय. फक्त ह्ये मला म्हणले होते का, बंगलोरला मोटारी दुरुस्तीचं ट्रेनिंग हाय. म्हणून इचारते, ह्ये बंगलोर हाय का?"

मी शिक्षिका. रोज चाळीस मुलांना खरं बोलायला सांगते. मी म्हटलं, "नाही."

मग तिने विचारलं, "तिथं लेकरांना बघाया काय काय हाय?"

मी तिला बाग सांगितली, हत्ती सांगितला, बेट सांगितलं, पिसांची राणीसुद्धा सांगितली. ती हूं हूं करत सगळं ऐकत होती. पुढच्या वर्षी कंपनीने गोवा ठरवला. बस घोटीला थांबली तेव्हा ती तीन मुलं, एक नणंद आणि पोळ्यांचा मोठा डबा घेऊन उभी होती. घोटीवाले सामान उचलत मागून येत होते. आत बसमध्ये त्या वेळी सात कुटुंबं होती, आणि सगळ्यांनी फुल पँटी घातल्या होत्या.