हुकलेल्या बाणानंतर

माझी वहिनी असिलकान आमच्या नारीन गावातल्या एका शाळेत स्वयंपाकीण आहे. घोडा दौडवत बाण मारण्यात तिचा हात धरणारं आमच्या खोऱ्यात कुणी नाही. फक्त पहिला बाण लागला पाहिजे. तो हुकला की पुढचे दोन्ही गेलेच! घोडा काही थांबत नाही, तिन्ही लक्ष्यं दहा-बारा सेकंदांत मागे पडतात. वहिनीचं मन मात्र हुकलेल्या लक्ष्यापाशीच अडकायचं. पुढचा बाण ती इतका जपून ओढायची, की तो सुटेपर्यंत लक्ष्य निघून गेलेलं असायचं.

माझ्या वडिलांनी जन्मभर घोडे शिकवले. एका सकाळी त्यांनी तिन्ही लक्ष्यांवर रंगीत चिंध्या बांधल्या.

"सूनबाई, बाण सुटला की पुढच्या चिंधीचा रंग ओरडून सांगायचा. मागचा लागला की नाही, ते मी बघतो."

वहिनी लाजून लाल झाली. "बाबा, तुमच्यासमोर ओरडू?"

"माझ्यावर नाही, चिंधीवर ओरड! जेवायला बोलावतेस तेव्हा अख्खी शाळा हादरते म्हणे!"

चिंध्या ते रोज बदलत. वहिनी दोन महिने 'पिवळी! निळी!' ओरडत दौडत होती. शेजारीण मला म्हणाली, "तुझ्या वहिनीला काय झालंय गं?"

मी वहिनीलाच विचारलं. ती म्हणाली, "बाण हुकला की काळीज अजूनही धस्स होतं गं. पण आता धस्स झालं की डोळे आपोआप पुढे पळतात!"

शरदातल्या स्पर्धेत तिचा पहिला बाण सपशेल हुकला. लक्ष्यांवर आज चिंध्याही नव्हत्या!

"चिखल!" वहिनी गरजली. खरंच, दुसऱ्या लक्ष्यावर चिखल उडालेला होता. ठप्प! बाण त्या चिखलाला लागूनच लक्ष्यात रुतला.

"लाल दोरी!" ठप्प! तिसरा तर ऐन मधोमध!

लोक उभे राहून ओरडायला लागले. मी शेजारच्या अनोळखी बाईलाच मिठी मारली.

वहिनी दुसरी आली. निकाल कळताच तिने घोड्यावरून उडी टाकली आणि सगळ्या गावादेखत सासऱ्याच्या गळ्यात पडली. बाबा आधी खांबासारखे ताठ झाले, मग हसत सुटले.

"अगं, पुरे! तो घोडा पळाला बघ, त्याला धर आधी!"