शेजारणीच्या तोंडची हाक

कोरियातील जेजू बेटावरील आमच्या गावात को इन्सुक यांच्याएवढा दीर्घ श्वास दुसऱ्या कोणाही पाणबुड्या बाईचा नव्हता. एकाहत्तराव्या वर्षीही त्या समुद्राच्या तळाशी जाऊन शंख वेचीत. त्यांचा श्वास कोंडला तो मात्र कोरड्या जमिनीवर, आणि त्याला कारण झाली त्यांचीच दीड वर्षाची नात, हारिन.

इन्सुकबाईंची लेक बुसान शहरात परिचारिका होती. तिने हारिनला शरद ऋतूपर्यंत आजीकडे ठेवले होते. इन्सुकबाई समुद्रात असत तेवढा वेळ पोर शेजारच्या बू ओक्सिमच्या पाठीला झोळण्याने बांधलेली असे. ओक्सिमला मूलबाळ नव्हते आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिने पाणीही सोडले होते.

आपल्याहून वडील माणसाला, मग ती बाई असो वा पुरुष, 'सामचुन' म्हणायचे, ही आमच्या गावची रीत. ओक्सिम दोन वर्षांनी धाकटी, म्हणून ती इन्सुकबाईंना रीतसर सामचुन म्हणे; आणि पोरीला निजवताना स्वतःस 'हालमांग', म्हणजे आजी, म्हणवून घेई. एका संध्याकाळी इन्सुकबाई ओली जाळी घेऊन अंगणात येताच हारिनने त्यांच्याकडे बोट दाखवले. "सामचुन!" मग ओक्सिमच्या पाठीला गाल घासून ती म्हणाली, "हालमांग."

"अगं बाई! जीभ किती साफ आहे पोरीची!" ओक्सिमला हसू आवरेना.

"असणारच. दिवसभर घासायला तू आहेस ना!" इन्सुकबाई म्हणाल्या.

पुढे आठवडाभर त्यांनी नातीला समोर बसवून, स्वतःच्या छातीवर हात ठेवून, 'हालमांग, हालमांग' असे घोकले. स्वतःलाच हाका मारणाऱ्या त्या बाईकडे पोर नवलाने पाही आणि खिमटासाठी तोंड उघडून म्हणे, "सामचुन." पाण्याखालीसुद्धा इन्सुकबाईंना शंखांच्या जागी ओक्सिमची ती पाठच दिसू लागली. तशातच लेकीचा निरोप आला, की ती पंधरा दिवसांनी मुलीला न्यायला येत आहे. सख्खी नात आपल्याला शेजारीण समजून जाणार!

दुसऱ्याच दिवशी त्या निवडक शंखांची टोपली घेऊन ओक्सिमच्या दारी गेल्या.

"पोरीसमोर मला सामचुन म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"हालमांग म्हण."

"मी? दोन वर्षांनी मोठ्या बाईला आजी म्हणू? गाव म्हणेल, ओक्सिमला वेड लागलं."

"म्हणू दे. दिवसभर तिच्या कानाशी दुसरं आहे कोण?"

ओक्सिमने टोपलीला हात लावला नाही. "आणि मला काय म्हणायचं तिनं?"

हे उत्तर इन्सुकबाईंनी घरूनच ठरवून आणले होते. टोपली पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "सामचुन."

"मत्सर तरी किती हो तुम्हाला! आता पंधरा दिवसांचीच तर आजी उरले होते मी."

पण ओक्सिमने शब्द पाळला. इन्सुकबाई दिसल्या की ती कुंपणाच्या दगडी गडग्यावरून ओरडे, "हालमांग आली बघ! काय हो हालमांग, पाणी गार होतं का?" पाणबुड्या बाया पोट धरधरून हसत.

बाराव्या दिवशी ओक्सिमच्या आधी हारिनच ओरडली, "हालमांग!" इन्सुकबाईंनी जाळी टाकली आणि पोरीला ओढून कडेवर घेतले. पोरीने क्षणभर त्यांचा खारट गाल चाचपला. मग मागे वळून, दोन्ही हात ओक्सिमकडे पसरून, ती रडू लागली.

"सामचुन! सामचुन!"

ओक्सिम रिकामे झोळणे हातात धरून उभी होती. इन्सुकबाईंनी नातीला आणखी आवळून धरले, घरात शिरल्या, आणि पायानेच दार लोटून घेतले.