न सुटलेल्या गाडीची सिद्धता

विबके टामेन आमच्या जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या संस्थेत इतकी वर्षं होती की खुर्चीलासुद्धा तिचा आकार आला होता. नोकरी मात्र कंत्राटी. प्रकल्प संपला की नोकरी संपली, नवा आला की पुन्हा चालू. या खेपेला आपोआप लागणारा ब्रेक सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता शुक्रवारी रेल्वेकडे गेली तर कंत्राट वाढणार होतं, नाहीतर पंचावन्नाव्या वर्षी घरी बसायचं. मला या पद्धतीचा संताप येतो, पण माझं ऐकतो कोण.

काम किचकट. गाडीचा वेग हळूहळू बदलतो, पण ब्रेकचा संगणक एका क्षणात निर्णय फिरवतो. काहीही झालं तरी टक्कर होणार नाही, हे दाखवायचं. आमचा एक प्रोग्रॅम आकडेमोड करून गाडी चालवून बघतो, पण दशांश कापून, अंदाजाने. दुसरा बीजगणिताने सिद्ध करतो. तो अचूक, पण त्याला वाट सुचत नाही. म्हणून पहिल्याने सुचवायचं, दुसऱ्याने तपासायचं. या दोघांचं जुळवता जुळवता विबकेचे केस पिकले.

बुधवारी दुपारी दुसऱ्या प्रोग्रॅमने उत्तर दिलं: सिद्ध. आमचे प्रमुख एनो केक घेऊन आले. विबकेने चहा ओतला, तळाशी खडीसाखर, वर साय, न ढवळता. आमच्याकडे तीन कप झाल्याशिवाय कोणी उठत नाही.

"आता तरी हस की गं," मी म्हणालो.

"हसायला अंगात जीव हवा ना. आणि हे फार सहज झालं रे. त्याच नियमांत संगणकावर एक गाडी सोडून बघते."

गाडी सुटेना. पुन्हा सोडली, तरी सुटेना. विबकेने पहिल्याच कपात चमचा उभा ठेवला. म्हणजे आता चहा नको.

"वेग किमान इतका, हे पहिल्या प्रोग्रॅमने अंदाजाने सुचवलं," ती म्हणाली. "शून्याच्या जरासा वर. मी ते खरं धरून दुसऱ्याला दिलं. पण सुटताना प्रत्येक गाडी उभीच असते, आणि उभ्या गाडीचा वेग शून्यच असतो. माझ्या नियमांत एकही गाडी बसत नाही. मग टक्कर कशी होणार?"

एनो केकचा तुकडा हातात धरून उभे. "पण सिद्धता तर बरोबर आहे ना? टक्कर होत नाही."

"कागदावर गाडी सुटतच नाही, एनो. रुळावर सुटेल."

एनोंनी केक खाली ठेवला. मग त्यांनीच रेल्वेला फोन लावून सिद्धता शुक्रवारी येणार नसल्याचं सांगितलं.

शुक्रवारी मी तिच्या सामानाचं खोकं खाली नेलं. मला फार वाईट वाटत होतं आणि ते मी बोलून दाखवलं. ती सायकलचं कुलूप काढत राहिली. निघताना म्हणाली, "आता तू करशील ना ते? शून्यापाशी नीट बघ."