पोट्ट्याची सैल दोरी

नवस अर्धाच पुरा झाला, तर तो फेडायचा की नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नीट कळत नाही. त्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. नागपूरला रामदासपेठेतल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून आई समुद्रकाठच्या गणपतीला नवस बोलली, "यांना त्यांच्या पायाने तुझ्या डोंगराला प्रदक्षिणा घालायला आणीन." आमच्या घरात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. तो गणपती आईच्या माहेरी एका जुन्या तसबिरीत होता, तेवढीच ओळख. हिवाळा सरता सरता बाबा काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी घरी आले. मात्र त्यांची वाचा गेली होती आणि उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. गल्लीतल्या प्रत्येकाची नक्कल करून दाखवणारा माणूस आता पाणी हवं असलं तरी भांड्याकडे बोट करायचा.

आई म्हणाली, देवाने शब्द पाळला. मला वाटायचं, देवाने आईला शब्दात पकडलं. तिने फक्त पाय मागितले, म्हणून त्याने फक्त पाय दिले. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. मी फारसं काहीच बोलून दाखवत नसे. सकाळी शाळेत इंग्रजी प्रार्थना आणि संध्याकाळी घरी आरती अशा दोन्ही मला लहानपणापासून पाठ होत्या. दोन्ही म्हणताना मी इतरांच्या तोंडांकडे बघत असे, आणि या लोकांना आतून नेमकं काय वाटत असेल याचा विचार करत असे.

डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलं होतं. ते फाटकापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. मग शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या शेडखाली एक कुत्री व्याली. तिचं एक भुरं पिल्लू, ज्याचा एक कान उभाच राहत नसे, बाबांच्या काठीमागे लागलं. हळूहळू उलटं झालं. पिल्लू पुढे आणि बाबा मागे असे ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. आईला घरात कुत्रं नको होतं. "विटाळ नुसता," असं ती दोनदा म्हणाली, पण बाबांना टोकापर्यंत जाताना पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली नाही. शेजारचे काका कुंपणावरून विचारायचे, "काय गा भाऊ, कोण कोणाले फिरवून राहिलं?" बाबा हसायचे नाहीत. झटका आल्यापासून ते हसलेच नव्हते.

पिल्लाचं नाव बाबांनीच ठेवावं असं आम्ही मनातल्या मनात ठरवलं होतं. ते बोलले की ठेवतील. तोपर्यंत आई त्याला "ए पोट्ट्या" अशी हाक मारायची, आमच्याकडे कुठल्याही पोराला मारतात तशी. तेच नाव पडलं.

मे महिन्यात नवस फेडायला निघायचं ठरलं तेव्हा पोट्ट्याला शेजारी ठेवायचं होतं. पण बाबा त्याच्या टोपलीजवळ जे बसले ते उठेचनात. मग टोपलीसकट निघालो. रेल्वेत तिकीट तपासनिसाने टोपलीत काय म्हणून विचारलं. आई घाबरून म्हणाली, "संत्री." त्याच वेळी पोट्ट्या भुंकला. तपासनीस म्हणाला, "नागपूरची संत्री मे महिन्यात भुंकतात वाटतं," आणि पुढे गेला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. लाजेने माझे कान तापले होते.

गाडी बदलून, मग एस.टी.ने घाट उतरून आम्ही त्या गावी पोचलो. देवळाजवळच एक काकू यात्रेकरूंना खोली देत, त्यांच्याकडे उतरलो. संध्याकाळी समुद्रावर गेलो. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. फुटाळा तलावाचं पाणी आपण बघतो, तेव्हा ते आपल्या जागी असतं. हे पाणी सारखं आपल्याकडे येत होतं. मी पोट्ट्याला उचललं आणि त्याचे पाय पाण्यात बुडवले. त्याची भीती मोडेल असं मला वाटलं. लाट आली तसा तो माझ्या हातातून ओरबाडत निसटला आणि थेट काकूंच्या घरी खाटेखाली जाऊन बसला. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"नव्या सुनेला आल्या दिवशीच विहिरीत ढकलता की काय तुम्ही नागपूरकर?" त्या म्हणाल्या. "दोरी सैल सोडून लांब उभं राहायचं. त्याला यायचं तेव्हा येईल. आणि ते खारं पाणी पिऊ देऊ नका, ओकेल. घरी आणलंत की गोड्या पाण्याने पाय धुवा त्याचे."

"आणि नाहीच आला तर?" आईने विचारलं.

"तर नाही. समुद्राचं काही अडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दर्शनाला निघालो. देवळाची पायरी दिसायला लागली आणि बाबा वाळूतच थांबले. आईने आधी हळू सांगितलं, मग विनवलं. बाबांनी डाव्या हाताने आपला लोंबणारा उजवा हात उचलला, आम्हाला दाखवला आणि सोडून दिला. मला कळलं. हात जोडायला दोन हात लागतात. आईलाही कळलं असावं, कारण तिने तोंड फिरवलं आणि बराच वेळ पदराने मान पुसत राहिली. मग म्हणाली, "बरं. आज आम्ही दोघी जाऊन येतो. उद्या पाहू."

बाबांना बसायला जागा शोधायची होती. ऊन चढत होतं. आणि इथे आम्ही जे केलं ते फक्त नागपूरच्या माणसांनीच करावं. आमच्याकडे उन्हाळ्यात ओली जागा म्हणजे सुखाची जागा. खिडकीला वाळ्याची ताटी बांधायची, तिच्यावर पाणी मारायचं आणि तिच्यासमोर पाटावर बसायचं, यातच आमचं आयुष्य गेलेलं. खाली वाळूत एक मोठा काळा खडक होता. त्याला पोटाशी खोबण होती, खोबणीत हिरवं शेवाळ होतं आणि दगड बोटाला गार लागत होता. बाकीची सगळी वाळू तापलेली, आणि एवढीच जागा ओलसर. ती ओल कशाची, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आईला तर ती देवाचीच सोय वाटली. तिने बाबांना तिथे बसवलं. खडकात होड्या बांधायची लोखंडी कडी होती, तिला पोट्ट्याची दोरी बांधली आणि कालच्यासारखा पळू नये म्हणून वर आणखी एक गाठ मारली. तेव्हा समुद्र लांब, एका पांढऱ्या रेघेसारखा दिसत होता.

देवळात रांग होती. पूजा झाली. मग आई म्हणाली, आजची प्रदक्षिणा आपण घालू, उद्याची त्यांच्यासोबत. वाट डोंगराच्या मागून जाते, तिथून समुद्र दिसत नाही. आई तापलेल्या फरशांवरून अनवाणी, काहीतरी पुटपुटत चालत होती. मी मागे होते आणि माझ्या मनात भक्तीचा लवलेश नव्हता. ज्याने अर्धंच दिलं त्याच्याभोवती आपण पूर्ण फेरी का घालायची, एवढंच डोक्यात फिरत होतं. डोंगर संपून वाट वळली आणि समोर पाणी होतं.

मला आधी वाटलं, आपण चुकून दुसरीकडे आलो. वाळू नव्हतीच. त्या खडकाचा नुसता माथा दिसत होता आणि त्याच्यावरून फेस वाहत होता. आईने माझं मनगट धरलं. "हे पाणी कुठून आलं वं?" तिने विचारलं, कोणीतरी नळ उघडा ठेवून गेल्यासारखं. मग ती होती तिथेच खाली बसली.

आजूबाजूला माणसं होती. कोणालातरी हाक मारायला हवी होती. मी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. आरती आठवली नाही, शाळेतली प्रार्थना आठवली नाही, 'वाचवा' एवढंसुद्धा नाही. इतक्या महिन्यांत बाबांना रोज कसं होत असेल ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी काहीही मागितलं नाही, मागताच आलं नाही. मी फक्त त्या पाण्याकडे बघत उभी राहिले.

आणि सुरूच्या झाडांतून पोट्ट्याचं भुंकणं ऐकू आलं.

बाबा झाडाखाली बसले होते. कमरेपर्यंत भिजलेले, काठी नाही. मांडीवर पोट्ट्या होता आणि कोणाच्यातरी विटक्या लाल पंच्यात गुंडाळलेला होता. दोरी त्याच्या गळ्यात होती. मी तिचं दुसरं टोक उचलून पाहिलं. ती तुटलेली नव्हती, कापलेली नव्हती, सोडलेली होती. आईने मारलेल्या दोन गाठी, त्याही भिजलेल्या. त्या एका डाव्या हाताने सुटतील असं मला वाटत नाही. नंतर मी घरी करून पाहिलं आहे. नाही सुटत.

आई बाबांच्या पायांशी बसून त्यांचे पाय चाचपत होती. "कोण होतं? कोणी आणलं तुमाले?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. बाबांनी डावा हात उचलला, कपाळापाशी नेला आणि हवेत डोलवत खाली आणला. तोवर कोणाकडून तरी ऐकून काकू धावत आल्या होत्या.

"सोंड," आई हळूच म्हणाली आणि तिने हात जोडले.

"अहो, लाट दाखवतायत ते," काकू म्हणाल्या. "केवढी आली ते सांगतायत."

मला वाटलं, ते पोट्ट्याचं शेपूट दाखवतायत. मीही ते बोलले. बाबांनी आम्हा तिघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. तो हात पुन्हा काही त्यांनी तसा उचलला नाही, आणि त्यांना हसताना पाहिल्यावर आम्हालाही पुन्हा विचारावंसं वाटलं नाही.

पंचा कोणाचा म्हणून आईने सगळ्या वाडीत विचारलं. काकू म्हणाल्या, असले पंचे इथे घरटी वाळत असतात. कोणीतरी जाता जाता सोडवलं असेल आणि गेला असेल आपल्या कामाला. तसंच असेल. पण तो पंचा आपला, असं कोणी म्हणालं नाही.

आईने उरलेल्या दिवसांत प्रदक्षिणेचं नाव काढलं नाही. बाबा मात्र रोज सकाळी पोट्ट्याला घेऊन वाळूवर जाऊ लागले. ओहोटी केव्हा ते आम्ही आता काकूंना विचारून घेत असू. बाबा पाण्यापासून जरा अंतरावर उभे राहायचे, दोरी वाळूवर सैल पडलेली, तिचं टोक हातात. पोट्ट्या पार मागे अंग चोरून बसायचा. बाबा ओढत नसत, आणि हाक तर मारूच शकत नव्हते. मला राहून राहून वाटायचं, आपण चुचकारावं, बिस्कीट दाखवावं. पण बाबांना कसलीच घाई दिसत नव्हती, म्हणून मीही गप्प राहायला शिकले. एक दिवस पोट्ट्या दोरीच्या निम्म्यापर्यंत आला. एक दिवस ओल्या वाळूपर्यंत येऊन परत गेला. मग एकदा तो आपणहून पुढे गेला, फेस हुंगला, शिंकला, आणि पाणी परत आलं तेव्हा पळाला नाही. बाबांच्या घोट्याला टेकून उभा राहिला. पाणी त्याच्या पायांखालून वाळू काढून नेत होतं आणि तो खाली बघत होता, हे काय चाललंय म्हणून. मलाही तेच वाटत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी समुद्रावरून येताना पोट्ट्या घराकडे वळला नाही. तो डोंगराच्या वाटेला लागला. आणि बाबा त्याच्या मागे. आई ओसरीवर पिशव्या बांधत होती. तिने पाहिलं आणि अनवाणीच निघाली, आधी पळत, मग हळू, मग मुद्दाम अंतर ठेवून.

"कुत्रं चालतं का या वाटेवर?" मी काकूंना विचारलं.

"गाईम्हशी फिरतात. त्याने काय पाप केलंय?"

मी आईला गाठलं आणि विचारलं, "बाबांना सांगू का, ही प्रदक्षिणेचीच वाट आहे म्हणून?"

"गप राय," आई म्हणाली. "काही सांगू नको. चालू दे त्याईले."

ते मध्ये थांबले, दगडावर बसले, पुन्हा उठले. वाट संपली तिथे, देवळासमोर पण बाहेरच, बाबा उभे राहिले. त्यांचा एकच चालता हात दोरीत अडकलेला होता. तो त्यांनी सोडवला नाही. नुसती मान खाली केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. पोट्ट्या त्यांच्या पायाशी बसला होता. दोरी सैल होती.

बाबांची वाचा फारशी परत आली नाही. पोट्ट्याचं नाव पोट्ट्याच राहिलं. संध्याकाळी आम्ही अंबाझरीला जातो तेव्हा आई कोरड्या जागीच सतरंजी घालते आणि मधूनमधून पाण्याकडे बघून घेते, तलाव हलत नाही हे ठाऊक असूनही. त्या दिवशी गाठ कोणी सोडली ते मला माहीत नाही. पूर्वी माहीत नसलेल्या गोष्टींचा मला राग यायचा. आता त्या गोष्टीपाशी गेले की मी जरा अंतरावर उभी राहते आणि दोरी ओढत नाही. कधी कधी आरतीच्या वेळी, इतरांच्या तोंडांकडे न बघता, माझे हात जोडले जातात. कोणासमोर, हे विचारायचं राहून जातं.

तो लाल पंचा आईने देवघरात ठेवलेला नाही. दुसऱ्याची वस्तू आहे, असं ती म्हणते. ट्रंकेत सगळ्यात वर असतो. दर उन्हाळ्यात ती तो बाहेर काढते, उन्हात घालते, घडी करून परत ठेवते. मागायला कोणी आलंच, तर कोरडा असावा म्हणून.