यंत्राने बोलावलेला कावळा

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही, पण ही गोष्ट कोणाला सांगता येत नाही, म्हणून मुलाच्या जुन्या वहीत लिहून ठेवते.

आमची पिठाची गिरणी होती. हे दळायचे, मी डबे भरून द्यायची. संध्याकाळी यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि ते पाणी मारूनही निघायचं नाही. मुलगा जर्मनीत गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. सूनबाईचं बाळंतपण आलं तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर मी एकटी इकडे आले. गिरणी बंद ठेवायची नाही म्हणून हे आले नाहीत. निघताना एस.टी.च्या खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "पट्टा ढिला झालाय. नवा आणून खिळ्याला अडकवलाय. तू आलीस की बदलू." एवढंच. पट्टा बदलायला दोन माणसं लागतात, एक चाक धरायला आणि एक चढवायला. आमच्याकडे ती दोन माणसं म्हणजे हे आणि मी.

नात झाली आणि चौथ्या दिवशी हे गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. मुलगा लगेच विमानाने गेला. सूनबाईचं पोट फाडून बाळ काढलेलं, घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे मी जाऊ शकले नाही. दहावा मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोबाईलवर बघितला.

पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एक खाली येईना. मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. धाकटे दीर म्हणाले, "दादा, तुझ्या माघारी घरात भांडण होणार नाही." तरी नाही. ऊन चढलं. गुरुजी सारखं घड्याळ बघायला लागले. मग दिरांनी मुलाच्या हातातून मोबाईल घेतला आणि माझा चेहरा पिंडाकडे केला.

"वहिनी, गिरणीचं तुम्ही बोला. त्याचा जीव तिथंच आहे."

मोबाईलमध्ये सगळी पुरुषमाणसं माझ्याकडे बघत होती. पट्टा बदलून घेते, गिरणी चालू ठेवते, एवढं म्हणायचं होतं. बोलले नाही ते बोललेच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले.

तेव्हापासून दिरांनी एक धरून ठेवलं. "दादा अडकलाय. कावळा शिवेपर्यंत गिरणी विकायची नाही." मुलाला ती विकून इकडे घर घ्यायचं होतं. तो गप्प बसला, कारण त्यालाही मनातून ते खरं वाटत होतं. मी परत गेले तेव्हा गिरणीला कुलूप होतं. नवा पट्टा खिळ्यालाच होता. वर्षश्राद्धाला कावळा आला, पण यांचं पान ओलांडून शेजारच्यांच्या गच्चीवर ठेवलेला घास घेऊन गेला. दीर माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी पितृपक्षात मी पुन्हा इकडे होते. येताना पेटीत पळसाच्या पत्रावळी आणल्या. यांची तिथी सप्तमी. मुलगा सकाळी तर्पण करून कामावर गेला. मी आणि सूनबाईने खीर, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी, गवारी असं सगळं केलं आणि मागच्या बागेत पान ठेवलं. इथले कावळे मोठे आणि अंगभर काळे, आपल्या डोमकावळ्यासारखे. लांब मक्याच्या शेतावर बसलेले दिसत होते. मी "काव काव" करायला गेले, पण आवाज कुंपणापर्यंतसुद्धा गेला नसेल.

कुंपणापलीकडे एक म्हातारे राहतात. बायको वारलेली, एकटेच असतात. मला नाव घेता येत नाही आणि त्यांना माझं घेता येत नाही, म्हणून ते मला फ्राऊ नाखबारीन म्हणतात, म्हणजे शेजारीणबाई. ते येऊन पानाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता उंदीर होतील म्हणून ओरडणार. सूनबाईने त्यांना काय काय सांगितलं. ती तिकडची भाषा भराभर बोलते. म्हातारे ऐकत गेले आणि मध्ये मध्ये "आल्झो, आल्झो", म्हणजे अस्सं अस्सं, करत राहिले. मग मोठ्याने हसले.

"काय म्हणतात गं?"

"अहो आई, ते शिकारी आहेत. शेतकऱ्यांच्या मक्यासाठी कावळे मारतात. म्हणतात, आयुष्यभर ज्यांना मी गोळ्या घातल्या त्यांना तुम्ही पान वाढता! मी मेल्यावर माझ्या दारात एक कावळा येणार नाही."

मला हसू आलं आणि मग भीती वाटली. म्हातारे घरात जाऊन एक खोकं घेऊन आले. त्यात लाकडाची एक शिट्टी होती, आणि हिरव्या रंगाचा एक डबा, आपल्या मिसळणाच्या डब्याएवढा, पुढे जाळीचं तोंड आणि सोबत रिमोट. ते कावळे बोलवायचं यंत्र होतं. परदेशातून मागवलेलं, पण शिकारीत वापरायला इथे कायद्याने बंदी, म्हणून तळघरात पडून होतं. शिकारीला ते शिट्टीच वापरतात.

"मारायचं नसेल, नुसतं जेवायला बोलवायचं असेल तर घ्या म्हणतात," सूनबाई म्हणाली.

आधी त्यांनी मला शिट्टी दिली. पुसून दिली तरी परक्या पुरुषाच्या तोंडातली वस्तू मी तोंडात कशी घालणार? मी ती नुसती हातात धरून उभी राहिले. म्हाताऱ्यांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी शिट्टी परत घेतली आणि डबा पुढे केला.

डब्यात आकड्यांप्रमाणे आवाज भरलेले होते. म्हाताऱ्यांनी एकेक लावून दाखवला. एक भांडणाचा. एक खाणं सापडल्याचा, हळू, मध्ये थांबत. एक पिल्लांचा. चौथा लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो फार कळवळून ओरडत होता. मला वाटलं, मनापासून बोलवायचं तर असंच बोलवायला हवं. म्हातारे काही सांगत होते, पण तेवढ्यात घरात बाळ रडलं आणि सूनबाई आत पळाली. मी त्यांना चार बोटं दाखवली. त्यांनी भुवया वर केल्या, मान हलवली, पुन्हा काही बोलले. मी हो हो केलं. मला काहीच समजलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटली.

कुंडीमागे डबा ठेवून मी दारामागे बसले आणि चार नंबर लावला. शेतावरून सगळे कावळे उठले. वीस तरी असतील. बागेवर येऊन गोल फिरायला लागले आणि असे ओरडायला लागले की शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. एकही खाली बसेना. रिमोटची कोणती कळ दाबायची ते मी विसरले. सूनबाईने धावत येऊन ते बंद केलं. कावळे निघून गेले आणि पुढे तीन दिवस शेतावरही दिसले नाहीत.

संध्याकाळी म्हाताऱ्यांनी पुन्हा समजावलं, तेव्हा सूनबाई होती. चौथा आवाज म्हणजे ससाण्याने धरलेल्या कावळ्याचा मरणाचा आवाज. तो ऐकून बाकीचे बघायला येतात. मेलं त्या जागी कोणी जेवत नाही.

मी यांच्या तिथीला मरणाचा आवाज लावला होता. त्या दिवशी मी जेवले नाही.

"अहो आई, सर्वपित्री आहे ना अजून," सूनबाई म्हणाली. "पण हे घरी आले की यांना यंत्राचं सांगू नका हं. जन्मभर चिडवतील."

सर्वपित्रीला पुन्हा सगळा स्वयंपाक केला. म्हाताऱ्यांनी पढवून ठेवलं होतं. दोन नंबर, खाणं सापडल्याचा. आवाज बारीक ठेवायचा. पांढरं नेसायचं नाही, हलायचं नाही, कावळ्यांकडे रोखून बघायचं नाही. एक जरी आला तरी लगेच बंद करायचं. आणि एक गोष्ट त्यांनी बोट वर करून सांगितली. कावळा एकदा फसतो. फसलेला पुन्हा येत नाही आणि बाकीच्यांनाही सांगतो.

मुलगा कामावर होता. सूनबाई मोबाईल घेऊन माझ्या मागे बसली. मी दोन नंबर लावला. बराच वेळ काही नाही. मग एक कावळा कुंपणावर येऊन बसला. मी बंद केलं. तो मान वाकडी करून पानाकडे बघत होता. मी वर्षभर मनात घोकलेलं बोलायला तोंड उघडलं. म्हणणार होते, पट्टा मी बदलून घेते, गिरणी मी सोडत नाही, तुम्ही जा. "अहो," एवढं म्हटलं. तोवर तो उतरला, चार पावलं चालला, वडा उचलला आणि उडून गेला.

मी अजून काही बोललेच नव्हते.

"शिवला! आई, शिवला!" सूनबाईने मला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने काढलेला व्हिडिओ तिथल्या तिथे मुलाला आणि दिरांना गेला. त्यात डबा दिसत नव्हता, कुंडी दिसत होती. दिरांचा फोन आला. ते रडतच होते. "वहिनी, दादा सुटला. तुमच्या हातून जेवला." मी ऐकत राहिले. मलाही तेवढा वेळ बरं वाटलं. तेही लिहायला हवं.

मुलगा संध्याकाळी लवकर आला. बूट न काढता माझ्याजवळ बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आई, बाबांनी आपल्याला मोकळं केलं बघ. मघाशी काकांशी बोललो. तेही म्हणाले, आता हरकत नाही."

"कशाची?"

"गिरणीची गं. गिऱ्हाईक केव्हापासून थांबलंय. हॅम्बुर्गला आपल्या वकिलातीत जाऊन काकांच्या नावाच्या मुखत्यारपत्रावर तुझी सही करून आणू, म्हणजे काकाच तिकडे सगळं उरकतील. तुला धावपळ नको."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कावळा शिवत नव्हता तोवर गिरणी उभी होती. दिरांनी जे कुलूप धरून ठेवलं होतं ते मी माझ्या हाताने काढलं.

मी सूनबाईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि बाळाचं तोंड पुसायला घेतलं. तिचं तरी काय चुकलं? दोन खोल्यांत तीन माणसं, आणि मी आले की चार. एल्टर्नत्साइट संपत आलेली, बाळाला सांभाळायची तिची सुट्टी. तिला घर हवं आहे. मुलगाही खोटं बोलत नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा हलका दिसत होता.

तो डब्यातला आवाज होता, असं म्हटलं तर काय झालं असतं? गिरणी राहिली असती. पण मग हे सुटले नाहीत असंही झालं असतं, दीर पुन्हा रडले असते आणि सूनबाई खोटी पडली असती. मी गप्प बसले. दहाव्याला बसले होते तशीच.

"आई, बोल ना काहीतरी," मुलगा म्हणाला.

"पट्टा नवा आहे," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाला सांग. खिळ्याला आहे."

"सांगतो," तो म्हणाला आणि हसला.

हॅम्बुर्गच्या कचेरीत काचेमागच्या बाईने बोट ठेवलं तिथे सही केली. ही सही मला यांनीच शिकवली होती, गिरणीच्या विजेच्या अर्जावर साक्षीदार म्हणून. पाटीवर पिठात बोटाने गिरवून घेतली होती. बाई म्हणाली, सावकाश करा, घाई नाही. मी सावकाशच करत होते.

डबा परत द्यायला मी एकटी गेले. म्हाताऱ्यांनी दोन्ही हात पंखांसारखे हलवून विचारलं, आला का? मी मान हलवली. "गूट?" ते म्हणाले. मी म्हटलं, "गूट."

व्हिसा संपायला अजून महिना आहे. मी रोज सकाळी बागेत भाताचं शीत ठेवते आणि दारामागे न लपता समोर उभी राहते. यंत्र नाही, मोबाईल नाही, कोणी बघत नाही. आता मला बोलता येईल असं वाटतं. गिरणी चालू ठेवते असं आता म्हणता येणार नाही. काय झालं ते तरी यांना सांगता येईल. कावळे मक्यावर बसलेले दिसतात. मी उभी राहिले की त्यातला एक मान वळवून इकडे बघतो आणि पुन्हा शेताकडे बघतो. फसलेल्याचं म्हाताऱ्यांनी सांगितलंच होतं.