खाणीवरच्या बाईचे कागद

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दगडखाणीतल्या विधवांच्या संघटनेत अर्ज लिहून द्यायला लागले. त्यांचे नवरे दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले, कागदावर मात्र टीबी. टीबीला भरपाई नाही. नेपाळ आणि बांगलादेशातही दगड फोडणाऱ्यांची हीच गत, म्हणून तिन्ही देशांतल्या बायकांनी एकत्र मागणी करायचं ठरवलं. पहिली बैठक इथेच, आमच्या ग्वाल्हेरला, फूलबागेजवळ. आमच्याकडून बोलायला एकच बाई तयार होती. बाकीच्या ठेकेदाराच्या धाकाने मागे सरल्या होत्या.

बैठकीच्या दिवशी सकाळी ती आणि दोन्ही देशांच्या पाहुण्या माझ्या घरी, दर्पण कॉलनीत जमल्या. दिवस चैत्राचे. मी हौसेने आंब्याची डाळ केली, पन्हं केलं आणि आलेल्या बायकांना तसंच कसं पाठवायचं म्हणून हळदीकुंकवाचं तबकही काढलं. बांगलादेशच्या पाहुणीने हसून नुसती डाळ घेतली. नेपाळच्या बाईंना मी कुंकू लावलं. शेजारी खाणीवरची बाई होती. माझा हात तिच्यापाशी आला आणि तिला कुंकू न लावताच आपसूक पुढे सरकला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तो असाच सरकत आलाय. रोज विधवांच्या हक्कांचे अर्ज खरडणारी मी, पण हाताला त्याचा पत्ताच नव्हता.

तिने पदर सावरला, कागदांची पिशवी उचलली आणि दारात जाऊन चपला घालू लागली. बैठकीला येणार नाही म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात नेपाळच्या बाई उठल्या.

"मुझे तो लगाया आपने," त्या मला म्हणाल्या. "मेरा आदमी भी क्रशर पर काम करके ही मरा."

त्यांना मी काही विचारलंच नव्हतं. एवढ्या लांबून आलेली पाहुणी सवाष्णच असणार, असं धरून चालले होते. दारात जाऊन मी त्या बाईची माफी मागितली आणि तबक पुढे केलं. तिने ते हाताने बाजूला सारलं.

"टीका रहने दो, दीदी. पहले इनका कागज पढ़ो."

नेपाळच्या बाईंनी नवऱ्याच्या मृत्यूचा कागद दिला. नेपाळीही देवनागरीतच, त्यामुळे मला वाचता आलं: क्षयरोग. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग चपला काढल्या आणि आत येऊन त्यांच्याशेजारी बसली.

दुपारी बैठकीत ती ठेकेदाराचं नाव घेऊन बोलली. दुसऱ्या दिवशी मागे सरलेल्यांपैकी दोघी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मला इतका आनंद झाला की चहात साखर घालायचीच राहिली.

पुढची बैठक काठमांडूला आहे. घाबरू नकोस, मी तुला घेऊन जाईन, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिने माझ्याकडे जरा पाहिलं.

"चलो," म्हणाली. "कागज तुम सँभालना. बोलूँगी मैं."